आबांचा पाट, तिची पीएचडी

“वरचा १७२, खालचा ६८.”

बीपी मशीनचा पट्टा सोडवत तिने आकडे वाचले आणि माझ्याकडे बघितलं. आबा कॉटवर निवांत. “खालचा तर चांगला हाये की. वरचा कशाला बघती?”

ती म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. आम्ही दोघी श्रीरामपूरच्या. बारावीनंतर मी सायन्सला रामराम ठोकला आणि मास कॉमला गेले. ती बीएस्सी करून पुण्याला बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करायला गेली. ती डॉक्टर नाही, हे आबांना चारदा सांगून झालंय. पण पोरगी पांढरा कोट घालते एवढं त्यांना पुरतं. त्यामुळे ती सुट्टीला आली की आमच्या ओट्यावर तपासणी होतेच.

या वेळी मात्र ती सुट्टीला आलेली नव्हती. घरच्यांशी वाद टाळायला आली होती. एमएस्सी संपलीय, जेआरएफ निघालीय, एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरीही हातात आहे. आणि लॅपटॉपमध्ये पीएचडीचा एक अर्धवट भरलेला अर्ज पडून आहे, ज्याची शेवटची तारीख शुक्रवार. विषय विचारला तर तिने एका दमात सांगितलं : रक्तवाहिन्यांच्या वार्धक्यात आरएनएवरच्या रासायनिक बदलांची भूमिका. मी म्हटलं, आता हेच आबांना समजेल असं सांग. त्यांना समजलं तर मला समजेल, आणि मला समजलं तर पुरवणीत छापून येईल.

तिने आव्हान घेतलं. पुढची तीन संध्याकाळ आमच्या ओट्यावर जे चाललं, ते हे.

उन्हात पडलेली लॅटरल

आबा पाटबंधारे खात्यात होते. प्रवरेच्या कालव्यावर उभी हयात गेली. कोणत्या चारीला किती वाजता पाणी सोडायचं, कुणाचा पाळीचा नंबर कधी, कुठे रात्रीतून कोण दारं फोडतं, सगळं तोंडपाठ. त्यामुळे तिने सुरुवातच पाण्यापासून केली.

“आबा, हृदय पाणी सोडतं ते सलग नाही, हिसक्या-हिसक्याने सोडतं. तरुण माणसाची मोठी धमनी प्रत्येक हिसक्याला थोडी फुगते, मग परत आकसते. आकसताना आत साठलेलं रक्त पुढे ढकलते. म्हणून दोन ठोक्यांच्या मधेसुद्धा दाब टिकून राहतो. नळी कडक झाली की फुगणं बंद. मग ठोक्याला वरचा आकडा चढतो आणि मधल्या वेळेत खालचा पडतो.”

आबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, “दोन वर्षं उन्हात पडलेली ड्रिपची लॅटरल हाये म्हण की माझी.”

यापेक्षा चांगलं वाक्य मला इंटर्नशिपच्या चार महिन्यांत सुचलेलं नाही. साधारण पन्नाशी-साठीनंतर वरचा दाब वाढत जाणं आणि खालचा घसरणं, दोन आकड्यांमधलं अंतर रुंदावणं, ही कडक झालेल्या मोठ्या धमन्यांची खूण. म्हणजे खालचा ६८ बघून खूश होण्यात अर्थ नव्हता. हे मला त्या दिवशी कळलं, आबांना कळलं की नाही माहीत नाही.

कडकपणा मोजताही येतो. हृदयाच्या ठोक्याबरोबर धमनीच्या भिंतीतून एक लाट धावते. मानेत आणि जांघेत ती कधी पोहोचते ते बघून तिचा वेग काढतात. नळी जितकी कडक तितकी लाट वेगवान. निरोगी तरुणांत हा वेग सेकंदाला पाच-सहा मीटरच्या आसपास असतो. दहाच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. आता गंमत अशी की एकाच वर्गातल्या, एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांचे वेग सारखे नसतात. आधार कार्डावरची जन्मतारीख एक, आणि रक्तवाहिनीचं वय दुसरं. सिगारेट, साखर, जास्त मीठ, वाढलेला बीपी हे सगळे त्या दुसऱ्या वयाचा काटा पुढे सरकवतात. (हे ऐकताना आबांनी तंबाखूची चंची हळूच उशीखाली सरकवली. आम्ही दोघींनी बघितलं, बोललो नाही.)

धमनीच्या भिंतीला ताण देणारं जे प्रथिन असतं, इलॅस्टिन, ते शरीर बहुतेक सगळं लहानपणीच बनवून ठेवतं. मोठेपणी त्याची भरपाई जवळजवळ होत नाही. मिळालेला साठा आयुष्यभर पुरवायचा. आणि आतल्या बाजूला, रक्ताला थेट लागून, पेशींचा फक्त एक थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. कालव्याचं अस्तर समजा. पण हे अस्तर जिवंत असतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून नळीला ‘सैल हो’ असं सांगतं. शरीरातल्या या निरोप्याच्या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं होतं. अस्तर म्हातारं झालं की निरोप कमी जातात आणि वर सूज वाढवणारी रसायनं गळायला लागतात.

“गाळ कुठं बसतो मग?” आबांनी विचारलं.

“जिथे धमनीला फाटा फुटतो तिथे. प्रवाह सरळ राहत नाही, भोवरे होतात.”

“मंग बराबर. चारीच्या तोंडालाच बसतो गाळ.” आबांचा चेहरा असा, की एवढ्यासाठी पीएचडी कशाला करायची.

सीनिअरची झेरॉक्स

इथून पुढे माझी परीक्षा होती, कारण आता आरएनए आला. तिने या वेळी उदाहरण माझ्यासाठी निवडलं.

डीएनए म्हणजे लायब्ररीतलं रेफरन्सचं पुस्तक. घरी नेता येत नाही. आरएनए म्हणजे त्यातल्या हव्या त्या पानाची झेरॉक्स. ती घेऊन पेशी प्रथिन बनवते, काम झालं की झेरॉक्स फाडून टाकते. काही झेरॉक्स काही मिनिटांत फाटतात, काही दिवसभर टिकतात. एवढं अकरावीच्या पुस्तकात आहे.

जे पुस्तकात फारसं नाही ते असं : झेरॉक्स कोरी नसते. आपल्याला सीनिअरकडून नोट्स मिळतात ना, तशी असते. कुठे ‘आयएमपी’, कुठे फुली, कुठे पेन्सिलीने गोल. आरएनएच्या अक्षरांवर पेशी असेच बारीक रासायनिक गट चिकटवते. असे १७०हून जास्त प्रकार आजवर सापडलेत. सगळ्यात पहिला १९५१मध्ये नजरेस पडला, नाव स्यूडोयुरिडीन. आणि प्रथिनांचा निरोप नेणाऱ्या एमआरएनएवर सगळ्यात जास्त आढळणारा अंतर्गत बदल म्हणजे एम-सिक्स-ए. ‘ए’ या अक्षरावर एक मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. बस, एवढंच. तो १९७४मध्ये सापडला, पण पुढची सदतीस वर्षं तो तसा बाजूलाच पडून होता. २०११मध्ये एफटीओ नावाचं एन्झाइम हे टिंब पुसूही शकतं, हे समजलं आणि विषय पेटला. कारण जे लिहिता येतं आणि पुसताही येतं, ते नुसतं नक्षीकाम नसणार. पुढच्याच वर्षी कोणत्या आरएनएवर ही टिंबं कुठे आहेत याचे नकाशे आले. सरासरी एका एमआरएनएवर तीनेक.

या क्षेत्रातले लोक त्यांना सरळ लेखक, वाचक आणि खोडरबर म्हणतात. लिहिणाऱ्यांतला मुख्य मेटल-थ्री. वाचणाऱ्यांत वायटीएचडीएफ-टू नावाचं एक प्रथिन आहे. त्याला हे टिंब दिसलं की तो झेरॉक्स फाडायला पाठवतो. म्हणजे सीनिअरने कोपऱ्यात लिहिलेलं ‘वाचून झालं की फाड’. डीएनएमध्ये काहीही बदल नाही, पुस्तक जसंच्या तसं, पण कोणती प्रत किती वेळ हातात राहते यावर पेशीचा अख्खा कारभार बदलतो.

मला वाटतं, आपल्यातल्या निम्म्या लोकांनी या पानाच्या जोरावर सेमिस्टर काढलेत, त्यामुळे हे पटायला जड जाऊ नये.

गज आणि गंज

दुसऱ्या संध्याकाळी तिने वहीत ‘गज’ लिहिलं. खिडकीचा गज. मग वर एक टिंब दिलं. गंज.

“असाही एक बदल असतो. याच्यात वर काही चिकटत नाही, अक्षरच बदलतं. ‘ए’चं ‘आय’ होतं, आणि पेशी त्या ‘आय’ला ‘जी’ म्हणून वाचते. करणाऱ्या एन्झाइमचं नाव एडार.”

तिच्या अर्जाचा गाभा हाच. आणि त्यामागे एक शोधनिबंध आहे, ज्याची प्रिंट तिने इतक्या वेळा वाचलीय की घड्यांवर फाटलीय. २०१६मध्ये फ्रँकफर्टच्या गोएथे विद्यापीठात काम करणाऱ्या कॉन्स्टँटिनोस स्टेलोस आणि सहकाऱ्यांनी तो ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींमधलं कॅथेप्सिन-एस नावाचं एन्झाइम पकडलं. हे एन्झाइम काय करतं? तर इलॅस्टिन कुरतडतं. तेच इलॅस्टिन, जे लहानपणी एकदाच मिळतं.

आता गोष्ट नीट ऐका, कारण मला ती तीनदा ऐकावी लागली. कॅथेप्सिन-एसच्या झेरॉक्सला शेवटी एक लांबलचक समास आहे. प्रथिनाचा मजकूर त्यात नाही. त्या समासात ‘अलू’ नावाचे तुकडे आहेत. आपल्या जीनोममध्ये अशा तुकड्यांच्या दहा लाखांहून जास्त प्रती पसरल्यात. एकेकाळी त्यांना अडगळ म्हणायचे. समोरासमोर आलेले दोन अलू एकमेकांना चिकटतात आणि समासाची घडी पडते. एडार-वन त्या घडीत शिरून ‘ए’चे ‘आय’ करतो. घडी सैल होते. सैल झालेल्या जागेवर एचयूआर नावाचं दुसरं प्रथिन येऊन बसतं आणि झेरॉक्स फाटू देत नाही. झेरॉक्स जास्त टिकते, कॅथेप्सिन-एस जास्त बनतं. धमन्यांमध्ये चरबीचा थर बसण्याचा आजार असलेल्या रुग्णांत हे बदल वाढलेले त्यांना दिसले.

म्हणजे मजकूर तोच. समासातली काही अक्षरं इकडची तिकडे. आणि त्याचं दुसरं टोक धमनीच्या भिंतीत.

“मग हे औषधाने थांबवता येईल?” मी पत्रकारासारखा प्रश्न विचारला.

ती हसली. एडारला सरसकट बंद केलं तर शरीराला स्वतःचाच आरएनए परका, विषाणूचा वाटू लागतो आणि प्रतिकारशक्ती अंगावर येते. हा स्विच वर-खाली करून चालत नाही. कोणत्या पेशीत, कोणत्या आरएनएवर, कधी, हे शोधावं लागतं. आणि तेवढं एकच ‘कोणत्या’ शोधायला एका माणसाची पाच वर्षं जातात.

एम-सिक्स-एचंही तेच. २०२१च्या एका अभ्यासात दिसलं की जिथे रक्ताचा प्रवाह विस्कळीत असतो, म्हणजे आबांच्या भाषेत चारीच्या तोंडाशी, तिथल्या अस्तराच्या पेशींत मेटल-थ्री वाढतो आणि सूज वाढवतो. प्राण्यांमध्ये तो कमी केला तर आजार रोखला गेला. झालं, व्हिलन सापडला! पण थांबा. २०२०च्या दुसऱ्या एका अभ्यासात प्रोजेरिया झालेल्या पेशी घेतल्या होत्या. प्रोजेरिया आठवत नसेल तर अमिताभचा ‘पा’ आठवा. या आजारातली मुलं बहुतेक वेळा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने जातात, कोवळ्या वयात म्हाताऱ्या झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे. त्या अभ्यासातल्या स्टेम सेलमध्ये एम-सिक्स-ए कमी पडलं होतं, आणि मेटल-थ्री वाढवला तेव्हा पेशींचं म्हातारपण लांबलं. एकच लेखक, एका ठिकाणी खलनायक, दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर. रील्सवर ‘अँटी-एजिंग’ ड्रिप विकणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचू नये, धंद्याला चांगला नाही.

म्हातारपण आणि नाळ

मी विचारलं, मग हे सगळं करायचं कशावर? उंदरांवर?

इथे एक अडचण आहे. अलू हे तुकडे माणसात आणि माकडांच्या कुळात असतात, उंदरात नसतात. म्हणून कॅथेप्सिनची ही गोष्ट उंदराला विचारून भागत नाही, माणसाच्या पेशी लागतात. आणि माणसाच्या रक्तवाहिनीच्या पेशी सहज मिळण्याची एकच जागा आहे : बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ. आईची संमती घेऊन, एथिक्स कमिटीच्या परवानगीने नाळेतल्या शिरेच्या आतला थर सोडवून घेतात आणि डिशमध्ये वाढवतात. १९७०च्या दशकापासून जगभरच्या लॅबमध्ये ही पद्धत रुळलीय.

म्हातारपणाचा अभ्यास तासाभरापूर्वी जन्मलेल्या बाळाच्या नाळेवर. आजी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “आमच्यात तर नाळ पुरत्यात.” मग बराच वेळ काही बोलली नाही.

या पेशी डिशमध्ये विभागत जातात. डिश भरली की काढून दोन डिशमध्ये, मग चार. पण कायम नाही. ठरावीक वेळा विभागल्यावर त्या थांबतात, पसरट होतात, मरत मात्र नाहीत. एक विशिष्ट रंग घातला की म्हाताऱ्या पेशी निळ्या दिसतात. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये तिने हे केलं होतं. मोबाइलमध्ये फोटो आहे. पहिल्या डिशमध्ये एखाददुसरा निळा ठिपका, शेवटच्या डिशमध्ये निळंच निळं. दोन्ही डिश एकाच नाळेतल्या. तरुण आणि म्हाताऱ्या पेशींमधला आरएनए काढायचा आणि कुठली टिंबं वाढली, कुठली पुसली गेली ते वाचायचं, असा तिचा आराखडा.

ऐकायला भारी वाटतं. रोजचं काम मात्र गुरं सांभाळण्यासारखं आहे, हे तिचेच शब्द. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमधल्या पेशींना दर दोन दिवसांनी ताजं खाद्य. रविवार, दिवाळी, भावाचं लग्न, काही चालत नाही. आरएनए इतका नाजूक की आपल्या बोटांवरची एन्झाइम्स तो खाऊन टाकतात, म्हणून हातमोजे दर दहा मिनिटांनी बदला. साठवायचा उणे ८० अंशांवर. एकदा बुरशी लागून तिच्या पाच आठवड्यांच्या पेशी एका रात्रीत गेल्या. त्या दिवशी तिने मला फोन केला होता आणि वीस मिनिटं नुसती रडली होती. मला तेव्हा वाटलं ब्रेकअप झालाय.

कोल्हापूर, पुणे आणि आपण

हे सगळं जर्मनी-अमेरिकेतच चालतं असं वाटत असेल तर कोल्हापूरकडे बघा. शिवाजी विद्यापीठात प्रा. कैलास सोनवणे आणि त्यांच्या पीएचडी विद्यार्थ्यांनी आरएनएवरच्या अशाच बदललेल्या अक्षरांचा अनेक वर्षं अभ्यास केलाय. त्यांची झेरॉक्स वेगळी : टीआरएनए, म्हणजे प्रथिन बनवताना अमिनो आम्ल उचलून आणणारा हमाल. त्याच्या निरोप वाचणाऱ्या टोकावर फार गुंतागुंतीचे बदल असतात. ते अक्षर कुठल्या अंशात वळतं, शेजाऱ्याला कसं धरतं, हे त्यांनी कॉम्प्युटरवर रेणूंची हालचाल घडवून तपासलं. त्यातला एक बदल टॉरिनचा आहे, मायटोकाँड्रियातल्या टीआरएनएवरचा. तो बदल नीट झाला नाही तर मेलास नावाच्या दुर्मीळ आजारात तरुण वयात पक्षाघातासारखे झटके येतात. अक्षरावरचं एक टिंब राहून गेलं, एवढंच कारण. कोल्हापुरात बसून, कॉम्प्युटर हेच मुख्य हत्यार घेऊन हे काम झालं, ही गोष्ट आपल्या बीएस्सीच्या वर्गांत का सांगितली जात नाही, हा मला पडलेला प्रश्न.

आणि एक धागा पुण्यातला आहे. एम-सिक्स-एसाठी मिथाइल गट येतो कुठून? पेशीत एक चक्र फिरत असतं आणि त्याला फोलेट आणि बी-१२ जीवनसत्त्व लागतं. बी-१२ कमी असेल तर चक्र अडकतं आणि होमोसिस्टीन साचतं. वाढलेलं होमोसिस्टीन आणि रक्तवाहिन्यांचे आजार बरोबर दिसतात, हे खूप आधीपासून माहीत आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन जास्त होतं. त्यांनीच १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि मग त्यांची मुलं यांचा पाठपुरावा चालवलाय. तिथेही सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं. आरएनएवरची टिंबं लिहायची शाईच ज्या शरीरात कमी आहे, तिथल्या रक्तवाहिन्या कशा म्हाताऱ्या होतात? पीएचडीचा विषय शोधणाऱ्या कुणी हा प्रश्न उचलावा. फ्रँकफर्टपेक्षा तो आपल्याला जास्त लागू आहे.

कॅटलिन कारिको यांचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे. हंगेरीतल्या एका छोट्या गावातल्या खाटकाची मुलगी. अमेरिकेत आल्यावर आरएनएच्या नादापायी त्यांना अनुदान मिळेना, १९९५मध्ये पदावनतीही झाली. २००५मध्ये त्यांनी आणि ड्र्यू वाइसमन यांनी दाखवलं की टिंब नसलेला आरएनए बाहेरून टोचला तर शरीर बोंब मारतं, स्यूडोयुरिडीनसारखं टिंब असेल तर गप्प बसतं. कोविडच्या एमआरएनए लशी त्यावर उभ्या राहिल्या, २०२३मध्ये नोबेल आलं. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीलाही जून २०२२मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. म्हणजे आरएनए हाताळणारी माणसं आता आपल्या हिंजवडीलाही लागतात.

शुक्रवार

पण तिच्या घरचा प्रश्न नोबेलचा नव्हता. पैशांचा होता, आणि फक्त पैशांचाही नव्हता.

जेआरएफचे सध्या महिन्याला ३७ हजार मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ झाली की ४२ हजार, वर घरभाडं. जानेवारी २०२३पासूनचा हा दर. त्याआधी ३१ हजार होते आणि ते वाढवून घ्यायला देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर यावं लागलं होतं. वाईट नाही, पण दर महिन्याला एक तारखेला येतीलच असं कुणी लिहून देत नाही. नोकरीत पगार सुरुवातीला कमी, पण तारीख पक्की. पीएचडीला किमान तीन वर्षं, नियमाने सहापर्यंत. “म्हणजे एकोणतीस वर्षांची होईपर्यंत शिकतच राहणार?” हे तिच्या आईचं वाक्य. कुठल्या अर्थाने, ते आपल्याकडच्या मुलींना सांगायला नको.

पप्पांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना तीन वर्षांपूर्वी अटॅक आला, तेव्हा ते ४६चे होते. बारीक अंगकाठी, दारू नाही, सिगारेट नाही. दोन स्टेंट पडले. तिचा हा विषय तिथून सुरू झालाय हे घरात सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. बुधवारी रात्री पप्पा बोलले. “माझ्यासाठी करत असशील तर नको करू.”

तिने हे मला गुरुवारी बोरावके कॉलेजच्या बाहेर चहा पिताना सांगितलं. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

“म्हटलं, तुमच्यासाठी होणारच नाहीये ते. मी पाच वर्षं घासली तरी एका एन्झाइमबद्दल एक वाक्य नक्की करून सांगता येईल. त्याचं औषध झालंच तर कधी, कुणाला, काय माहीत. तुमच्या गोळ्या तुम्हालाच घ्यायच्यात, चालायला तुम्हालाच जायचंय.”

“मग?”

“मग ते म्हणाले, अस्सं. आणि चप्पल घालून चालायला गेले.”

चहावाल्याने ग्लास उचलले. मी तिला विचारलं की मग कशासाठी करायचं. ती थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसली. “त्या फोटोतल्या दोन डिश आहेत ना,” ती म्हणाली, “एकाच नाळेतल्या. मधे काय झालं ते मला बघायचंय.”

संध्याकाळी ती शेवटचं ओट्यावर आली, मशीन परत द्यायला. आबांनी तिला खाली बसवलं आणि सांगितलं की चारीच्या तोंडाचा गाळ काढायला ते कधीही आधी फावडं घालत नसत. आधी पाणी बंद करून दोन दिवस नुसतं बघायचे, भोवरा कुठे फिरतो आणि माती कुठून येते. “साहेब बोंबलायचा. म्हणायचा, बघत काय बसलाय. आरं, बघितल्याबिगर कळतंय व्हय?” ती मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती. मी डोकावले नाही.

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मेसेज आला. “टाकला.”

आणि खाली लगेच दुसरा : “आबांचा आजचा बीपी किती?”

मी उठून आबांच्या खोलीत गेले. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने रोजचे आकडे लिहिलेले असतात. डॉक्टरांनी सोमवारी गोळी बदलून दिल्यापासूनचे चार. १६८, १६०, १५६, १५२. खालचे कुणी लिहिलेच नव्हते. मी फोटो काढून पाठवला.